इंजिनचा पिवळा दिवा काय सांगतो?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक पिवळा दिवा भेटतो. समोरच्या काट्यांच्या फलकावर इंजिनाचं छोटंसं चित्र असलेला. गाडी व्यवस्थित चाललेली असते, आवाज नाही, वास नाही, आणि अचानक हा दिवा लागतो. मग माणूस गॅरेजमध्ये येतो. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये एक यंत्र जोडतो, यंत्रावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात, आणि मिस्त्री म्हणतो, "सेन्सर गेलाय. बदलावा लागेल."

मी कराडला गेली अनेक वर्षं गॅरेज चालवतो. हे वाक्य मीही पुष्कळ वेळा उच्चारलेलं आहे. त्यातलं एक मला महागात पडलं. तीच गोष्ट आज सांगणार आहे, कारण ती ऐकल्यावर हा दिवा आणि ते आकडे म्हणजे नेमकं काय, हे आपोआप कळेल.

आमच्याकडे एक गृहस्थ येतात. अंडी पोचवण्याचा धंदा. मागची सीट काढलेली, २०११ सालची छोटी पेट्रोल गाडी, आणि रोजची वाट कुंभार्ली घाटातून चिपळूणच्या बाजूला. दिवसाला दीडशे किलोमीटर सहज होतात. एका पावसाळ्यानंतर ते आले ते तक्रार घेऊनच. "मिस्त्री, गाडी पेट्रोल प्यायला लागली. सोळाचं ॲव्हरेज अकरावर आलं. आणि हा दिवा अधूनमधून लागतो."

आता हा हिशेब तुम्हीच करून बघा. दीडशे किलोमीटरला सोळाच्या हिशेबानं साधारण साडेनऊ लिटर लागतात, अकराच्या हिशेबानं साडेतेरा. म्हणजे रोज चार लिटर जास्त. पेट्रोल शंभराच्या वर असताना रोजचे चारशे रुपये धुरातून गेले. अंड्यांच्या धंद्यात दिवसाची सुटणारी रक्कम त्याहून फार मोठी नसते.

यंत्र जोडलं. कोड आला पी ०११८.

या आकड्यांची भाषा समजून घ्यायला हवी. पहिलं अक्षर पी, म्हणजे दोष इंजिन-गिअरच्या भागातला. पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. तिथं एक असता तर तो कंपनीचा स्वतःचा कोड ठरला असता. तिसऱ्या जागेवरचा एक म्हणजे इंधन आणि हवा यांच्या मोजमापाशी संबंधित. आणि शेवटचे अठरा म्हणजे नेमका दोष: इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या तापमान-सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त.

ही पद्धत अमेरिकेतून आली. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या धुराचा प्रश्न फार बिकट झाला होता. गाडीनं स्वतःच स्वतःची तपासणी करावी आणि बिघाड झाला तर चालकाला सांगावं, असा नियम तिथं १९८८च्या मॉडेलपासून आला. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे त्याचा पहिला टप्पा २०१०मध्ये आणि दुसरा २०१३मध्ये आला. म्हणजे हा दिवा मुळात धुरावर पहारा ठेवण्यासाठी जन्माला आला. मिस्त्रीची सोय हा त्याचा नंतरचा फायदा.

आता कोडचे शब्द पुन्हा नीट वाचा. "सेन्सर खराब" असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, "सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त." सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्याकडे जाणाऱ्या दोन वायरी, त्यांचे जोड, कनेक्टर आणि पलीकडचा संगणक, हे सगळं मिळून. पण मी त्या दिवशी घाईत होतो. सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. सेन्सरचे आणि मजुरीचे मिळून पंधराशे रुपये घेतले. गृहस्थ समाधानानं गेले.

आठ दिवसांनी दिवा परत लागला. या वेळी त्यांनी वाटेतल्या दुसऱ्या एका गॅरेजात आणखी एक सेन्सर बसवून घेतला. काही दिवस बरे गेले, पुन्हा तेच. शेवटी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला. घाटात चढणीवर बोनेटमधून वाफ आली होती. थांबून, गार होऊ देऊन, पाणी भरून ते पुढं गेले. आणि आश्चर्य म्हणजे, "मिस्त्री, काटा तर अगदी खाली होता हो! गाडी थंड दाखवत होता."

इंजिन उकळतंय आणि काटा थंड दाखवतोय. हे लक्षण पेट्रोलच्या खर्चापेक्षा कितीतरी गंभीर. अशी गाडी दोन-चार वेळा तापली तर हेड वाकडं होतं, गॅस्केट जातं, आणि मग खर्च हजारांत मोजावा लागतो. घाटात बंद पडली तर काय, ते वेगळंच.

त्या दिवशी मी यंत्र बाजूला ठेवलं आणि मल्टिमीटर हातात घेतला.

हा सेन्सर काम कसा करतो, ते आधी सांगतो. पितळी बोल्टासारखं दिसणाऱ्या या वस्तूच्या आत थर्मिस्टर नावाचा एक इवलासा तुकडा असतो. धातूची तार तापली की विजेला होणारा तिचा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढतो. थर्मिस्टरचं उलटं आहे. तो जितका तापेल तितका त्याचा विरोध कमी होतो. असा उलटा गुण मायकेल फॅरेडे यांना १८३३मध्ये सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात दिसला होता. आज तोच गुण प्रत्येक मोटारीत कामाला लावलेला आहे. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचे आकडे असे: २० अंशाला सुमारे २,५०० ओहम, ४० अंशाला सुमारे १,२००, ८० अंशाला सुमारे ३२० आणि १०० अंशाला सुमारे १९० ओहम.

पण संगणकाला ओहम मोजता येत नाहीत, त्याला व्होल्टेज कळतं. मग एक युक्ती केलेली असते. ती समजायला घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतून एक बारीक पाइप खाली येतो, शेवटी नळ आहे, आणि नळाचं पाणी गटारात जातं. नळाच्या अलीकडे पाइपात पाण्याचा दाब मोजायचा. नळ बंद असेल तर दाब पूर्ण. नळ थोडा उघडला की दाब उतरतो. पूर्ण उघडला की दाब जवळजवळ शून्य.

इथं टाकी म्हणजे संगणकातले पाच व्होल्ट. बारीक पाइप म्हणजे संगणकाच्या आतच असलेला ठरावीक विरोध, समजा २,२०० ओहमचा. नळ म्हणजे आपला सेन्सर, आणि गटार म्हणजे अर्थिंग. इंजिन थंड असताना नळ जवळपास मिटलेला, म्हणून व्होल्टेज जास्त: २० अंशाला साधारण २.७ व्होल्ट. इंजिन तापलं की नळ उघडला, व्होल्टेज उतरलं: ८० अंशाला साधारण ०.६ व्होल्ट. या व्होल्टेजवरून संगणक तापमान ओळखतो.

आता वायर तुटली तर? नळ कायमचा बंद. दाब पूर्ण, पाच व्होल्ट. संगणकाच्या कोष्टकात पाच व्होल्ट म्हणजे उणे चाळीस अंशांहूनही थंड! कराडात काय, काश्मिरातही इंजिन इतकं थंड होत नाही. संगणक म्हणतो, हे शक्य नाही, आणि कोड लावतो पी ०११८. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर व्होल्टेज शून्य, म्हणजे अशक्य इतकं गरम, आणि कोड पी ०११७.

इथं पुष्कळ नवे मिस्त्री फसतात. कोडमध्ये "जास्त" शब्द दिसला की त्यांना वाटतं इंजिन जास्त तापलंय, आणि ते थर्मोस्टॅट आणि रेडिएटर काढत बसतात. जास्त आहे ते व्होल्टेज. आणि या सेन्सरच्या बाबतीत व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान कमी.

कोड केव्हा लागतो, ते यावरून ध्यानात आलं असेल. व्होल्टेज अशक्य झालं तरच. ते चुकीचं पण शक्य कोटीतलं असेल तर अनेक जुन्या गाड्यांचा संगणक त्यावर मुकाट्यानं विश्वास ठेवतो. नव्या गाड्यांत इंजिन ठरावीक वेळात तापलं नाही तर शंका घेण्याची सोय असते, पण सगळ्यांत ती सारखी नसते. आमच्या अंडीवाल्या गृहस्थांच्या गाडीत नेमकं काय चाललंय, याचा धागा मला इथं लागला.

गाडी चालू करून पूर्ण तापू दिली. तापमान मोजायच्या बंदुकीनं थर्मोस्टॅटच्या घरावर मोजलं, ८० अंशांच्या आसपास. यंत्राच्या पडद्यावर संगणकाला वाटणारं तापमान बघितलं, २२ अंश! दिवा बंद, कोड नाही, आणि तरीही संगणक ५८ अंशांनी चुकत होता. पहिल्याच दिवशी मी कोडच्या पलीकडं जाऊन हा एक आकडा बघितला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

इंजिन गार आहे या समजुतीनं संगणक सकाळच्या थंड इंजिनाला द्यावं तसं भरपूर पेट्रोल ओतत होता. ऑक्सिजन सेन्सरच्या सल्ल्यानं मिश्रण बेताचं करण्याचं कामही इंजिन तापल्याशिवाय सुरू होत नाही, तेही थांबलेलं. ॲव्हरेज गेलं ते असं. आणि त्याच समजुतीनं तो रेडिएटरचा पंखा लावत नव्हता. समोरचा काटाही याच सेन्सरवर चालणारा. म्हणून घाटात इंजिन उकळलं आणि काटा खाली राहिला.

आता दोष शोधायचा. कनेक्टर काढून दोन वायरींमध्ये मीटर लावला: बरोब्बर पाच व्होल्ट. बहुतेक जण इथं थांबतात. पाच व्होल्ट आले, वायरिंग ठीक, सेन्सर खराब. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे. कनेक्टर काढल्यावर सर्किटमधून प्रवाहच वाहत नाही. पाइपात कचरा अडकलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दिसणार. अडथळा कळतो तो पाणी वाहू लागल्यावर.

म्हणून दुसरी कसोटी. एका तुकडा वायरनं कनेक्टरच्या दोन पिना जोडल्या, म्हणजे नळ पूर्ण उघडला. वायरिंग धड असतं तर संगणकानं १३० अंशांच्या वर तापमान दाखवलं असतं. यंत्र २५ अंशांच्या आसपासच अडकून राहिलं. इथं सेन्सरची निर्दोष मुक्तता झाली, कारण या वेळी सेन्सर सर्किटमध्ये नव्हताच. दोन्ही वेळा बदललेले सेन्सर चांगले होते.

तिसरी कसोटी. सेन्सर पुन्हा जोडला, इंजिन चालू ठेवलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं कनेक्टरच्या मागच्या बाजूनं सेन्सरच्या अर्थिंगच्या वायरला. तिथं शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं, फार तर पाच-दहा शतांश व्होल्ट. दिसले २.२ व्होल्ट. म्हणजे नळाचं पाणी गटारापर्यंत पोचतच नव्हतं, वाटेत तुंबलं होतं. हिशेब केला तर अर्थिंगच्या वायरीत दोन हजार ओहमांचा फुकटचा अडथळा निघतो. गरम सेन्सरचे ३२० आणि हे दोन हजार मिळून २,३०० च्या वर, आणि कोष्टकात ते येतात बरोबर २२ अंशांवर. सकाळी थंड इंजिनाला तेच दोन हजार मिळवले तर २० अंशांऐवजी पाच-सहा अंश दिसतात. चूक लहान, म्हणून सकाळी गाडी झटक्यात सुरू व्हायची. खड्ड्यात दणका बसला की वायर पुरतीच सुटायची, तेव्हा दिवा लागायचा आणि कोड नोंदला जायचा. सगळी लक्षणं एका माळेत ओवली गेली.

ही अर्थिंगची वायर पुढं इतर सेन्सरांच्या अर्थिंगला मिळते. ते सेन्सर बरोबर आकडे देत होते. म्हणजे दोष संगणकाकडच्या भागात नव्हता. तो त्या सामाईक जोडापासून या कनेक्टरपर्यंतच्या हातभर लांबीत होता. टेप सोडवत गेलो. चौथ्या-पाचव्या वेढ्याखाली एक जोड निघाला. पिळलेली वायर, वर साधी चिकटपट्टी, आणि आत तांब्याचा हिरवा चुरा.

तो जोड मी ओळखला. वहीत नोंद सापडली. दोन पावसाळ्यांपूर्वी उंदरानं याच गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरणारे उंदीर हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्या दुरुस्त केल्या होत्या आमच्याच गॅरेजात. पोरानं वायर पिळून वर टेप गुंडाळली होती आणि मी बघितलं नव्हतं. पाणी शिरलं, तांबं गंजलं, आणि दोन वर्षांनी त्या गंजाची किंमत गृहस्थांनी पेट्रोलच्या पंपावर भरली. सेन्सर बदलताना कनेक्टर ओढला जायचा, जोड जागचा हलून थोडे दिवस नीट टेकायचा. म्हणून दोन्ही वेळा नव्या सेन्सरनं गाडी बरी झाल्यासारखी वाटली.

जोड कापून टाकला, नवी वायर सोल्डर केली, वर आकसणारी श्रिंक स्लीव्ह चढवली. अर्ध्या तासाचं काम, वीस-पंचवीस रुपयांचं सामान. पडद्यावर ८२ अंश आले. पंखा वेळेवर लागला. अर्थिंगवरचे २.२ व्होल्ट शून्यावर आले.

गृहस्थ बाकावर चहा घेत बसले होते. गप्प राहिलो असतो तर त्यांना कधी कळलं नसतं. वही त्यांच्यापुढं ठेवली आणि सांगितलं, "दोष आमच्या हातचा आहे. तुम्हाला सेन्सरची गरज नव्हती." पंधराशे रुपये परत केले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेट्रोलचं काय ते जाऊ दे, मिस्त्री. घाटात पोरगा चालवत होता त्या दिवशी." यावर मला काही उत्तर देता आलं नाही. ते आजही गाडी आमच्याकडेच आणतात. पण पिळलेल्या वायरीवर नुसती टेप लावलेली मी आता गॅरेजात चालवून घेत नाही.

हेच तत्त्व गाडीतल्या इतर सेन्सरांनाही लागू पडतं. ॲक्सिलरेटर किती दाबला हे सांगणारे अनेक सेन्सर तीन वायरींचे असतात: पाच व्होल्ट, अर्थिंग आणि मधली सिग्नलची. त्यांचं काम साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंतच चालतं. शून्य आणि पाच ही टोकं मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. तिथं आकडा पोचला तर तो पायाच्या दाबानं पोचलेला असूच शकत नाही, वायर तुटली किंवा चिकटली असली पाहिजे, हे संगणकाला लगेच कळावं म्हणून. कारखान्यांतल्या यंत्रांवरचे सिग्नल शून्याऐवजी चार मिलिॲम्पिअरपासून सुरू करतात, त्यामागंही हाच विचार आहे.

आता गाडीमालकांसाठी चार गोष्टी. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका, पण चार-आठ दिवसांत दाखवा. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिनात ठिणगी चुकते आहे. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कन्व्हर्टर जाळू शकतं, तेव्हा वेग कमी करा आणि गाडी लवकरात लवकर थांबवा. लाल रंगाचा तापमानाचा किंवा ऑइलचा दिवा लागला तर तत्काळ थांबायचं, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

कोड नुसता पुसून घेऊ नका. दोष घडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलेलं होतं, याची नोंद अनेक गाड्यांचा संगणक कोडबरोबर ठेवतो. पुसल्यावर तीही जाते. आधी कोड आणि नोंद कागदावर लिहून घ्या.

आणि मिस्त्री म्हणाला "सेन्सर गेलाय", तर नम्रपणे विचारा, "व्होल्टेज किती आलं?" जो मोजून बोलतो त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. तो मीटर तुमच्यापुढं धरेल.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगेन की या पाच व्होल्टच्या सर्किटांत बारा व्होल्टचा टेस्ट बल्ब घालू नका, तो जास्त प्रवाह ओढतो आणि संगणकाला इजा करू शकतो. चांगला डिजिटल मीटर एका सेन्सरच्या किमतीत येतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मात्र त्याची पिन लावायची नाही. आणि कुरतडलेली वायर जोडाल तेव्हा असा जोड करा, की दोन पावसाळ्यांनी तो उघडताना मान खाली घालावी लागणार नाही.